दुसरा अल्बम पडला, पण वाईट नव्हता : 'अंडररेटेड'ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

पॉप गायकांच्या दुसऱ्या अल्बमांवर लेखमाला लिहायला घेतलीय. म्हणजे कसे अल्बम, तर पहिला तुफान चाललेला, जिकडेतिकडे वाजलेला, मग दोनतीन वर्षांनी दुसरा आला आणि दणकून आपटला, आणि तरी आज निवांत बसून ऐकला की वाटतं अरे हा तर पहिल्यापेक्षा भारी आहे, याला लोकांनी असं कसं सोडून दिलं. इंग्रजीत लिहिणारे 'अंडररेटेड सोफोमोर अल्बम' म्हणून मोकळे होतात, मराठीत माझी गाडी तिथेच अडते. 'दुर्लक्षित' लिहिलं तर वाटतं कोणाचं लक्षच नव्हतं, पण लक्ष होतं की, पहिल्याच्या यशामुळे सगळे टपून बसले होते. 'उपेक्षित' या शब्दाला आपल्याकडे सामाजिक वजन आहे, ग्रॅमीसारखा संगीतातला मोठा पुरस्कार मिळालेल्या गायिकेला तो लावणं मला पटत नाही. 'कमी लेखलेला' अर्थाने बरोबर, पण "काल एक कमी लेखलेला अल्बम ऐकला" असं कोण बोलतं? तर तुम्ही बोलताना काय म्हणता ते सांगा. देवनागरीत 'अंडररेटेड' लिहायचा पर्याय मला माहितीय, तो नकोय.

प्रतिसाद

ताई, आधी 'सोफोमोर' काढून टाका. अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांचा तो शब्द, म्हणजे आपलं एसवाय, आणि तिकडे दुसरा अल्बम, दुसरी कादंबरी, खेळाडूचा दुसरा सीझन सगळ्यालाच लावतात. इंग्लंडमध्ये कॉलेजात तो शब्द वापरत नाहीत, तिथले संगीतवाले 'अवघड दुसरा अल्बम' म्हणतात. मराठीत नुसतं 'दुसरा अल्बम' पुरतं. फक्त दुसरा कोणाच्या हिशोबाने ते एकदा ठरवा. कार्ली रे जेप्सनचा २०१५ चा 'इमोशन' कित्येक लोक दुसरा धरतात कारण जगाला ती २०१२ च्या 'किस'पासून माहिती झाली, पण कॅनडात तिचा पहिला अल्बम २००८ लाच आलेला, म्हणजे मोजला तर 'इमोशन' तिसरा. अशा ठिकाणी तुम्ही काय करणार?

प्रतिसाद

मी निफाडकडचा, वय झालंय, पॉप फार ऐकत नाही पण शब्दांची हौस आहे म्हणून लिहितो. सिनेमाला आपण 'पडला', 'आपटला', 'पडेल सिनेमा' म्हणतो, कारण तिथे तिकीटबारी असते, गल्ला असतो. कॅसेट, सीडी, पुस्तक यांचा व्यवहारातला शब्द 'खप'. कॅसेट खपते किंवा खपत नाही. आता गंमत बघ पोरी, 'खपणे'चा दुसरा अर्थ राबणे. "दिवसभर शेतात खपलो", "लग्नाच्या तयारीत आठ दिवस खपत होती". म्हणजे तुला जे दोन ओळींत सांगायचंय ते मराठी एका क्रियापदात सांगते : खपून केला पण खपला नाही. याला 'अंडररेटेड'चं भाषांतर म्हणू नको, पण काम होतं.

दुसरं म्हणजे आमच्याकडे जनावराच्या बाजारात दुसऱ्या-तिसऱ्या वेताची म्हैस बघून घेतात, पहिलारूपेक्षा दूध जास्त असतं आणि जनावर कसं आहे ते कळलेलं असतं. गाण्याच्या बाजारात उलटं का, हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय.

मूळ प्रश्न विचारणारी

काका, 'खपून केला पण खपला नाही' हे वाचून मी उठून उभीच राहिले, मी शोधत होते ते हेच. खरं सांगू का, हे जिला तंतोतंत लागू होतं तिच्यावरच पहिला लेख आहे, कॅनडाची पॉप गायिका नेली फर्टाडो.

तिचा पहिला अल्बम 'वोआ, नेली!' २००० साली आला, त्यातल्या 'आय अ‍ॅम लाइक अ बर्ड'ला २००२ मध्ये ग्रॅमी मिळालं. दुसरा 'फोकलोर' नोव्हेंबर २००३ मध्ये आला आणि अमेरिकेच्या अल्बम-खपाच्या यादीत ३८ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. तिसरा 'लूज' २००६ मध्ये टिंबालंड या निर्मात्याबरोबर केला तो थेट एक नंबरला, आणि आज लोकांना नेली म्हटलं की तोच आठवतो. मधला 'फोकलोर' जणू झालाच नाही. युरोपात त्याचं बरं चाललं होतं, पण अमेरिकेत पडला की जगभर 'पडला' असंच लिहिलं जातं, हाही एक हिशोबाचाच भाग.

आता त्यात ती किती खपलीय ते ऐका. पहिलंच गाणं 'पावरलेस', त्यात ती म्हणते की माझा चेहरा तुमच्या मासिकांत रंगवून आहे त्यापेक्षा गोरा केला जातो, आणि हे ती बँजो (गिटारसारखं एक तारवाद्य) आणि हिपहॉपच्या ठेक्यावर म्हणते. तिचे आईवडील पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून कॅनडाला आलेले, ती स्वतः ब्रिटिश कोलंबियात वाढलेली, आणि हा सगळा अल्बमच परदेशातून आलेल्या आईवडिलांच्या मुलीने आपलं घर शोधणं आहे, एक गाणं तर बोटीतून नुकत्याच उतरलेल्या लोकांच्या नावावरच आहे. 'वन-ट्रिक पोनी'त क्रोनोस क्वार्टेट हा व्हायोलिन-चेलो वाजवणारा चौघांचा नावाजलेला संच वाजवतोय, 'आयलंड ऑफ वंडर'मध्ये ब्राझीलचा काएतानो व्हेलोसो गातो. इतकी मोठी माणसं एका पॉप अल्बमवर गोळा झाली आणि कुठेही मिरवल्यासारखं वाटत नाही, क्रोनोसची व्हायोलिनं तर इतकी बेताची आहेत की तिच्या आवाजाच्या मागे मागे चालतात, कुठे पुढे येत नाहीत.

मग पडला का? एकतर पहिल्यात जो हलकाफुलका नाच होता तो यात नाही, गिटार, बँजो, संथ गाणी, ज्यांना पहिल्यासारखं हवं होतं ते हिरमुसले. दुसरं, ती तेव्हा नुकतीच आई झालेली, मुलगी सप्टेंबर २००३ ची. आणि तिसरं, त्याच सुमाराला तिची कंपनी ड्रीमवर्क्स रेकॉर्ड्स युनिव्हर्सलला विकली जात होती, घर बदलायच्या धावपळीत अल्बमच्या पाठीशी उभं कोण राहणार? काका, तुमच्या म्हशीच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं इथे आहे. दूध तितकंच असतं, कधी जास्तच असतं, पण गाण्याच्या बाजारात गिऱ्हाईक दूध बघत नाही, नवी म्हैस बघतं. शिवाय पहिला अल्बम लिहायला माणसाला आधीचं सगळं आयुष्य मिळालेलं असतं, दुसऱ्याला दोन वर्षं, तीही दौऱ्यात गेलेली.

प्रतिसाद

पणजीहून लिहितेय. 'फोकलोर'वरचं 'फोर्सा' विसरलीस गो! २००४ ची युरोपियन फुटबॉल स्पर्धा पोर्तुगालमध्ये होती, तिचं अधिकृत गाणं तेच, आणि लिस्बनच्या फायनलला नेलीने ते मैदानात गायलं. पोर्तुगाल ग्रीसकडून १-० ने हरला तो भाग वेगळा. त्यात बँजो बेला फ्लेक या नामवंत बँजोवादकाचा आहे, फुटबॉलच्या गाण्यात बँजो, मला तर ते अजून ऐकलं की बसवत नाही. 'फोर्सा' म्हणजे पोर्तुगीज कोशात ताकद, जोर, पण मैदानात ते 'चलो, लावा जोर' असं ओरडायचं असतं. आमच्याकडे एफसी गोवा या फुटबॉल क्लबची घोषणाच 'फोर्सा गोवा' आहे, त्यामुळे गोंयकाराला हा शब्द शिकवावा लागत नाही. सांगायचा मुद्दा, ज्या अल्बमचं गाणं अख्ख्या युरोपने मैदानात ऐकलं त्याला 'दुर्लक्षित' म्हणताच येणार नाही, हे तुझं बरोबर. मी 'कदर झाली नाही' म्हणेन. गाणं ऐकलं, अल्बमची कदर केली नाही.

प्रतिसाद

'कदर' छान आहे, मी त्याला 'चीज' जोडतो. "कष्टाचं चीज झालं नाही" हे आपण रोज बोलतो, आणि शास्त्रीय संगीतात बंदिशीलाही चीज म्हणतात, त्यामुळे गाण्याबद्दल लिहिताना हा शब्द कानाला आपला वाटतो.

पण एक भेद पाळा. खप हा बाजाराचा निकाल आणि कदर हा ऐकणाऱ्याचा, दोन्ही एका शब्दात कोंबायला गेलं की घोटाळा होतो. उदाहरण देतो, अमेरिकन गायिका केलिस. तिचा दुसरा 'वाँडरलँड' २००१ मध्ये युरोपात आला, फॅरेल विल्यम्स आणि चॅड ह्यूगोचं काम, आणि अमेरिकेत, तिच्या स्वतःच्या देशात, कंपनीने तेव्हा तो काढलाच नाही. मग तिथे तो 'पडला' कसं म्हणणार? जो दुकानात आलाच नाही त्याला 'न खपलेला' म्हणणं अन्याय आहे, तो 'दाबलेला' अल्बम. आणि पुढे २००३ मध्ये तिचं 'मिल्कशेक' हे गाणं गाजलं तेव्हा तीच गायिका आणि तेच दोघे निर्माते होते.

उलट टेरेन्स ट्रेंट डार्बी हा गायक घ्या. १९८७ चा पहिला अल्बम इंग्लंडात एक नंबर, त्यातलं 'विशिंग वेल' हे गाणं अमेरिकेत एक नंबर, आणि पठ्ठ्याने मुलाखतीत आपला अल्बम बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'नंतरचा सगळ्यात महत्त्वाचा असल्याचं सांगून टाकलेलं. १९८९ मध्ये 'नायदर फिश नॉर फ्लेश' आला, इंग्लंडात १२ वर अडकला आणि अमेरिकेत ६१ वर. नावातच म्हटलंय, धड ना इकडचा धड ना तिकडचा, आणि आहेच तसा, एकीकडे जुन्या धाटणीचं सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावभरलं गाणं), मध्येच नुसत्या आवाजावर चाललेलं गाणं, 'बिली डोन्ट फॉल'मध्ये समलिंगी मित्राला धीर देणं, १९८९ साली पॉपच्या मोठ्या पुरुष गायकाने हे गाणं ही साधी गोष्ट नव्हती. यातली बरीचशी वाद्यंही त्याने स्वतःच वाजवलीत. हा खपायला दुकानात होता, लोकांनी ऐकला आणि नाकारला. माझ्या मते गाण्यांपेक्षा त्या मुलाखतीचा राग जास्त होता. याला मी 'नाकारलेला' म्हणेन. केलिसचा आणि याचा एकच शब्द कसा चालेल?

मूळ प्रश्न विचारणारी

नाहीच चालणार. ठरलं, मालिकेचं नाव 'खपून केलेले' ठेवतेय (काका, श्रेय तुमचं, पहिल्या लेखात लिहीन) आणि आत प्रत्येकाला त्याचा त्याचा शब्द : केलिस दाबलेली, डार्बी नाकारलेला, नेलीची कदर न झालेली. कार्ली रे घेणार नाही, तिसऱ्याला दुसरा म्हणायला मन धजत नाही, अल्बम कितीही लाडका असला तरी.

आता एकच अडलंय. एबीसी हा इंग्लिश बँड, १९८२ चा 'द लेक्सिकॉन ऑफ लव्ह' इंग्लंडात एक नंबर, व्हायोलिनांचा थाट, चकचकीत सूट, सगळं. लगेच १९८३ मध्ये 'ब्यूटी स्टॅब' काढला तो करकरीत गिटारींचा, १२ वर थांबला. बरेच जण आता त्याची बाजू घेतात. मी बरेचदा ऐकलाय आणि मला त्यांची हिंमत आवडते, गाणी मात्र अर्धीच आवडतात, म्हणजे याला 'पडलेला' म्हणू की 'फसलेला'? पडलेला म्हटलं तर दोष बाजाराचा, फसलेला म्हटलं तर करणाऱ्याचा. ज्यांनी पूर्ण ऐकलाय त्यांनीच सांगा, मालिकेत घ्यायचा की नाही ते त्यावर ठरवते.