मदत हवी आहे : फ्रीवेचा बोगदा रात्री बंद ठेवायचा तर गाड्या कुठून काढायच्या?

मंडळी, एम.ई.च्या (अभियांत्रिकीतली पदव्युत्तर पदवी) प्रकल्पाला मुंबईच्या पूर्व मुक्त मार्गावरचा, म्हणजे फ्रीवेवरचा, आणिक-पांजरपोळ जोडबोगदा (प्रत्येक दिशेला एक, असे शेजारी-शेजारी दोन बोगदे) घेतलाय. लांबी साधारण अर्धा किलोमीटर, वाहतूक २०१३ पासून. वय तसं काही नाही, पण सर म्हणाले, "अजून वीस वर्षांनी अस्तर (आतलं काँक्रीटचं आवरण) दुरुस्तीला काढलंय असं धर आणि आराखडा कर. चेंबूर तुंबता कामा नये."

दुरुस्तीचं पुस्तकी उत्तर आहे माझ्याकडे : भेगेच्या बाजूने तिरकी भोकं पाडा, पॅकर (ग्राउट आत सोडायच्या नळ्या) ठोका, पीयू ग्राउट (भेग बुजवणारं पॉलियुरेथेनचं द्रव मिश्रण) दाबा. कोस्टल रोडच्या बोगद्यात मे २०२४ मध्ये सांध्यांतून पाणी झिरपलं, तेव्हाही पॉलिमर ग्राउटिंगच ठरलं होतं. पण साइटवर काम केलेला एक ओळखीचा फोरमन हसला. म्हणे, एक भेग बुजव, पाणी शेजारच्या भेगेतून विचारायला येईल. मग पाणी अडवायचं की त्याला वाट द्यायची?

वाहतुकीचं तर डोकंच चालेना. एका बोगद्यातून दोन्ही दिशा सोडाव्यात का? वळवायच्या म्हटल्या तर आर. सी. मार्गावर मोनोरेलचे खांब, आणि माहुलला रिफायनऱ्यांचे टँकर. दिवसा अवजड वाहनांना बंदीच्या वेळा असतात, त्यामुळे ती सगळी जत्रा रात्रीच. म्हणजे आपण ज्याला 'रिकामा रस्ता' म्हणतो त्या वेळेलाच. त्या बाजूने रात्री गाडी चालवणाऱ्यांनी सांगा ना.

प्रतिसाद :
फोरमन बरोबर बोलतोय. आधी वाट द्या. भेगेच्या खालच्या अंगाला निचऱ्याची भोकं पाडून पाणी नळीने कडेच्या गटारात उतरवा, दाब उतरला की मग ग्राउट. पीयू पाण्याला लागून फुगतं आणि धार थांबवतं, पण अस्तरामागची पोकळी त्याने भरत नाही. तिथे सिमेंट ग्राउट लागतं. भिंतीवर पांढरे ओघळ दिसले तर तो काँक्रीटमधला चुना. तोच निचऱ्याची भोकं बुजवतो, म्हणून पावसाळ्याआधी ती मोकळी करायचं काम आराखड्यात घालाच. हे सगळे विसरतात.

एका बोगद्यात दोन्ही दिशा? नको हो. रात्री फ्रीवेवर लोक कसे सुटतात ते बघितलंय ना? आत समोरासमोर ठोकर झाली तर रुग्णवाहिका शिरणार कुठून!

सुरुवात चेंबूरकडे जाणाऱ्या बाजूने करा. काम पहाटे लांबलं तरी सकाळची गर्दी उलट दिशेला, फोर्टकडे असते. फलक मात्र आणिकला लावून उपयोग नाही, पुलावर चढलेला माणूस तोवर अडकलेला असतो. ऑरेंज गेटलाच, म्हणजे फ्रीवे दक्षिणेकडे सुरू होतो तिथेच, सांगा, म्हणजे तो खालूनच शीवमार्गे निघेल. आणि रात्री अकरा ते पाच ब्लॉक (वाहतूक बंद) मिळाला तर कामाला चार तासच धरा. रस्त्यावर प्लास्टिकचे कोन लावणं, शिडीची गाडी आत घेणं, शेवटी रस्ता धुणं, यात बाकीचे जातात.