जपान १९४५: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्यासमोर खरंच दोनच रस्ते होते का?

मेन्सवाला_नागपूर:
मेन्सची तयारी करून राहिलो, काल धरमपेठच्या लायब्ररीबाहेर यावरूनच वाद झाला, सगळे म्हणतात अणुबॉम्ब टाका नाहीतर जपानवर सैन्य उतरवा एवढंच होतं. मले काही पटून नाही राहिलं. बाकी कशाचा विचारच झाला नसेल का?

इतिहासवेडा:
भाऊ, झाला होता. १८ जूनच्या मीटिंगमध्ये ट्रूमनने क्युशू बेटावर उतरायला मंजुरी दिली, तारीख १ नोव्हेंबर, आणि ओकिनावा बेटाच्या लढाईत किती पोरं गेली ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं. पण जपानची नाकेबंदी चालूच होती, रशिया जपानविरुद्ध युद्धात उतरायची वाट पाहता येत होती, आणि सम्राटाला राहू देतो असं सरळ सांगून टाका हाही रस्ता होता. अमेरिकेचा युद्धमंत्री स्टिमसनने २ जुलैच्या टिपणात हेच लिहिलं, त्याच राजघराण्याखाली घटनात्मक राजेशाही चालेल म्हणा, जपान ऐकायची शक्यता वाढेल. जपानला शरण या म्हणणाऱ्या २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात ती ओळच नाही, काढून टाकली! मला विचाराल तर खरा वाद इथे आहे आणि आपल्या गाईडमध्ये यावर एक शब्द नसतो.

वैदर्भीय_ताई:
बरोबर, पण टोकियोकडेही बघा ना. ९ ऑगस्टला सहा जणांची युद्ध परिषद बसली, हिरोशिमा होऊन गेलेलं, रशियन फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसलेल्या, बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली, तरी मतं तीन-तीन! परराष्ट्रमंत्री तोगो म्हणे सम्राट राहू द्या ही एकच अट पुरे, युद्धमंत्री अनामीला अजून तीन हव्या होत्या, शस्त्रं आपणच खाली ठेवू, खटले आपणच चालवू, परकी फौज देशात नको. मध्यरात्र उलटल्यावर सम्राटाने तोगोच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे ती एक ओळ ठेवली असती तर जुलैतच सगळं मिटलं असतं, हे मी तरी छातीठोक नाही सांगणार.

मेन्सवाला_नागपूर:
ताई, मग १० ला जपानचा होकार आला तर १५ ला शरणागती जाहीर होईपर्यंत काय चालू होतं?

वैदर्भीय_ताई:
अमेरिकेने उत्तर पाठवलं, सम्राटाचा अधिकार दोस्तांच्या सरसेनापतीच्या हाताखाली राहील, म्हणजे धड हो पण नाही अन् नाही पण नाही, त्यावर टोकियोत परत तीच भांडणं. ट्रूमनने तिसरा अणुबॉम्ब आपल्या परवानगीशिवाय टाकायचा नाही असं बजावलं होतं, पण साधे बॉम्ब थांबले नाहीत. १४ ला सम्राटाने दुसऱ्यांदा शरण जायचा निर्णय दिला आणि त्याच रात्री कुमागाया शहर जाळलं गेलं, या लोकांबद्दल कोणी बोलतच नाही.