गांजाची माफी: ‘तुरुंग उघडले’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बोस्टनकर: काल इथे एकाने लिहिलं, “बायडेननी मतांसाठी गांजेकस तुरुंगातून सोडले.” वाचून डोकं फिरलं. तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी ६ ऑक्टोबर २०२२ला दिलेल्या माफीने एकही माणूस तुरुंगाबाहेर आला नाही, कारण फक्त गांजा जवळ बाळगला म्हणून फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगात तेव्हा कुणी नव्हतंच. सुमारे साडेसहा हजार लोकांचा जुना फेडरल गुन्हा माफ झाला, शिवाय वॉशिंग्टन डीसीतले काही हजार. विकणारे त्यात नाहीत. नोंदही पुसली जात नाही, नुसता माफीचा दाखला मिळतो. माझ्या गोदामातला एक काळा सहकारी विशीत पकडला गेला होता. आज पंचेचाळिशीत भाड्याच्या घराचा अर्ज भरताना “शिक्षा झाली आहे का?” या रकान्याशी त्याचं पेन थांबतं. खटला राज्याचा, म्हणून बायडेनच्या सहीचा त्याला काडीचा उपयोग नाही. मेरीलँड राज्याचे गव्हर्नर वेस मूर यांनी जून २०२४ मध्ये पावणेदोन लाख शिक्षा माफ केल्या. करायचं तर असं करा!

एडिसनची आई: तुमचा सहकारी दिसला, माझा मुलगा नाही दिसला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गमीज (गांजा घातलेल्या गोळ्या) खाऊन रात्री इमर्जन्सीत. “आई, भिंती हलतायत” म्हणत होता. माफ्या दिल्या की पोरांना वाटतं, यात काही नाहीच.

बोस्टनकर: ताई, वाईट वाटलं. पण दुकानात २१ वर्षांखालच्याला द्यायला बंदी आहे. ज्याने दिल्या त्याला धरा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या माणसाला का?

एचवनबी_सॅनहोजे: आपल्या लोकांचं कुणी बोलतच नाही! ही माफी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच. व्हिसावाले बाहेर.

नाशिकचा_वकील: ग्रीनकार्डवाल्यांनीही हुरळू नये. इमिग्रेशन कायद्यात अमली पदार्थांच्या कलमाला राष्ट्राध्यक्षांच्या माफीने सूट मिळत नाही. तीस ग्रॅमपर्यंतचा एकच गुन्हा असेल तर हद्दपारीतून सवलत आहे, दुसरा झाला की गेलात.

एडिसनची आई: मग ओढायचंच कशाला? परक्या देशात नियमाने राहावं.

एचवनबी_सॅनहोजे: कुठला नियम? कॅलिफोर्नियात दुकानाला परवाना आहे, पावतीवर टॅक्स लागतो. आणि अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या २०१९च्या धोरणानुसार राज्यात कायदेशीर असलेला गांजा ओढला तरी नागरिकत्वाच्या अर्जात सच्चारित्र्यावर ठपका येऊ शकतो. शिक्षा सोडा, नुसती कबुलीही महागात पडते. माझ्या मित्राने मुलाखतीत खरं सांगितलं आणि त्याचा अर्ज लटकला. घरात कुणी त्याच्याशी धड बोलत नाही, जणू त्याने खून केलाय.

पुणेरी_पेठ: इथे भारतात तरी काय वेगळं आहे? शिवरात्रीला भांग चालते, १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने पानं वगळलीत. गांजाची बोंडं (फुलोरा) सापडली की एक किलोच्या आतही वर्षभर कैद होऊ शकते. आधी आपलं बघा.

बोस्टनकर: पुण्याचा धागा वेगळा काढा! राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नेमलेल्या शेफर आयोगाने १९७२ मध्येच सांगितलं होतं की स्वतःपुरता बाळगणं गुन्हा ठरवू नका. निक्सननी ते धुडकावलं. ती चूक अजून निस्तरतोय.

एडिसनची आई: बरं, जुनी नोंद माफ करा. तेवढं मान्य. पण मुलांच्या डब्यात चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या गमीज विकणाऱ्यांसाठी माफी मागू नका माझ्याकडे.

नाशिकचा_वकील: त्यांना ती मिळालेलीच नाही. पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा.