जेद्दातल्या बँकेच्या टॉवरला बाहेरून एकही खिडकी नाही, असं का?

ओळंबा
आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. केस स्टडीसाठी सौदी अरेबियातल्या जेद्दाचं, नॅशनल कमर्शियल बँकेचं तेव्हाचं हेडऑफिस घेतलंय, एसओएम या अमेरिकन आर्किटेक्चर फर्मच्या गॉर्डन बुनशाफ्टचं डिझाइन, १९८३ मध्ये पूर्ण झालं, २७ मजले, त्रिकोणी प्लॅन. दोन दिवस फोटो बघतोय आणि एकच गोष्ट डोक्यात बसलीये, बाहेरच्या भिंती म्हणजे नुसता ट्रॅव्हर्टाइनचा दगड, खिडकी नावाला नाही, आणि मधेच करवतीने कापून काढल्यासारखी तीन अवाढव्य चौकोनी भगदाडं. आत बसणाऱ्याला उजेड मिळतो कुठून? दुसरं म्हणजे याच माणसाने १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्टची काचेची बँक केली होती, तिजोरीचा ३० टनी दरवाजासुद्धा रस्त्यावरून दिसेल असा ठेवला होता. मग तीस वर्षांनी बरोबर उलटं का? फक्त उन्हामुळे?

मोजपट्टी
सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढून बघ रे, फोटोवरून हे कळणार नाही. खिडक्या आहेत, भरपूर आहेत, फक्त त्यांचं तोंड आतल्या बाजूला आहे. ऑफिसचा मजला पूर्ण त्रिकोण नाहीये, तो इंग्रजी व्ही सारखा आहे आणि व्हीच्या पोटात मोकळा चौक. तू भगदाड म्हणतोयस तो त्या चौकाचा दर्शनी भाग. अनेक मजल्यांना मिळून एक चौक, मग वरच्या गटात चौकाची दिशा बदलते, असे तीन चौक एकावर एक, तिन्हीत झाडं लावलेली. काच सगळी चौकाकडे, म्हणजे सावलीत. जेद्दा साधारण २१.५ अंश उत्तरेला आहे, ऐन उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, अशा वेळी खोल चौकाचं छतच छज्जाचं काम करतं.

आणि माझ्या मते खरी करामत पुढे आहे. तिन्ही चौकांच्या मधून एक त्रिकोणी पोकळी थेट गच्चीपर्यंत जाते, चौकात साठलेली गरम हवा त्यातून वर निघून जाते. लिफ्ट, जिने वगैरे तिसऱ्या बाजूला वेगळ्या उभ्या ठोकळ्यात सरकवलेत म्हणून मध्य मोकळा ठेवता आला. हा लिफ्ट-जिन्यांचा गाभा, म्हणजे कोअर, नेहमीसारखा मधोमध असता तर हे काहीच जमलं नसतं, त्यामुळे ज्युरीत परीक्षकांसमोर इमारतीच्या चेहऱ्यापेक्षा कोअरच्या जागेवर जास्त बोल.

खाऱ्या वाऱ्याचा
मी जेद्दात अकरा वर्षं नोकरीला होतो, आर्किटेक्ट नाही, सिव्हिलवाला. वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट मला कायम खटकते. या बिल्डिंगबद्दल जिथे तिथे लिहितात की आत वळलेला चौक ही इस्लामी घरांची परंपरा. दुसऱ्या शहरांत असेल, पण जुन्या जेद्दात, अल-बलदमध्ये फिरा, तिथली घरं उंच, पोवळ्याच्या दगडाची आणि चक्क बाहेर बघणारी आहेत. नसीफ हाऊस बघा. भिंतीतून पुढे आलेले लाकडी जाळीचे रोशन, रस्त्यावरची वाऱ्याची झुळूक आत घेणारे, बाई आत बसून बाहेरचं बघू शकते पण बाहेरच्याला ती दिसत नाही. कारण तिथली हवा नुसती गरम नाही, दमट आहे, शर्ट अंगाला चिकटतो, तिथे वारा लागतोच. म्हणजे बँकेने परंपरा घेतली असेल तर ती त्या गावची नव्हे, हे तुझ्या रिपोर्टमध्ये नक्की यायला हवं.

मोजपट्टी
हा मुद्दा मान्य, मीसुद्धा कॉलेजात चौकाचं तेच वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं. पण मग रोशन आणि हे चौक शेजारी ठेवून बघितले तर काम एकच दिसतं ना, काचेवर थेट ऊन येऊ न देता उजेड घ्यायचा. रोशन ते भिंतीच्या बाहेर करतो, बुनशाफ्ट भिंतीच्या आत. वाऱ्याचा भाग मात्र सुटलाच, कारण ऑफिस एसीवर चालतं, चौकातली हवा काचेपलीकडेच राहते.

खाऱ्या वाऱ्याचा
हो, आणि रस्त्याचा भागही सुटला. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि शहर बघता बघता पसरलं, बँकेला लांबून ओळखू येणारा टॉवर हवा असणार, तो तर झालाच, समुद्राकडून बघितलं की अजून छाती भरून येते. पण पायी जवळ गेलात की नुसती भिंत आणि शेजारी गोल पार्किंगचं धूड. अल-बलदच्या गल्लीत वर बघितलं की रोशन असतो, इथे दगड.

ओळंबा
दोघांचेही खूप आभार, केस स्टडीची दिशाच बदलली. आता एका शीटवर रोशनचा सेक्शन आणि एका चौकाचा सेक्शन एकाच स्केलला काढतोय, दोन्हीवर दुपारी बाराची सावली दाखवतो. काका, रोशन भिंतीच्या साधारण किती बाहेर येतो ते तुमच्याकडच्या एखाद्या फोटोवरून सांगता येईल का?

खाऱ्या वाऱ्याचा
आत बैठक मारून बसता येईल इतका. जुना अल्बम माळ्यावर आहे, रविवारी काढतो आणि माणूस शेजारी उभा आहे असा फोटो टाकतो, त्यावरून माप काढ.