तेरेखोल ते पोळे, किनाऱ्याकिनाऱ्याने: फेरीबोटीचं गणित कसं बसवायचं?

रेडीवाट
कोजागिरीच्या सुमारास दोन दिवस मोकळे आहेत. रेडीकडून गोव्यात शिरून, हायवे शक्य तितका टाळून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गोव्याच्या दक्षिण टोकाचं पोळे गाठायचं आहे. मुक्काम पणजीत. गाडी सेडान, पुढचा बंपर खाली. सोबत सत्तरीचे आई-बाबा. बेत असा: पहिल्या दिवशी पाचच्या सुमारास तेरेखोल किल्ला, सूर्यास्त बघून फेरीने केरी. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाडी बेट, मग केळशी–असोळणे फेरी. जमेल का?

मुखाजवळ
बाकी ठीक, पण पहिल्या दिवसाची वेळ नेमकी उलटी आहे.

कोकणातला जुना हिशोब घ्या: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, तर पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेपाचच्या सुमारास. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा जास्त खाली जातं. तेरेखोलची फेरी नदीच्या अगदी तोंडाशी चालते, तिथे वाळू साचते. पाणी उतरलं की बोट धक्क्याला नीट टेकत नाही आणि फेऱ्या थांबू शकतात. पाचला किल्ला बघून खाली आलात तर नेमके त्याच वेळी अडकाल.

सकाळी नऊ ते अकरामध्ये नदी ओलांडा. पाणी चढतं असतं, धक्क्याचा उतारही कमी वाटतो. सूर्यास्त हरमल किंवा मांद्रे किनाऱ्यावर बघा, समुद्र तोच आहे. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. आदल्या दिवशी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घ्या.

फेरी बंद असेल तर वाट बघत बसू नका. मागे रेडीमार्गे आरोंदा, तिथला पूल ओलांडला की किरणपाणी, पुढे केरी. तासभर जास्तीचा धरा.

आणि फोनच्या नकाशात केरी टाकताना तालुका बघा. तुम्हाला पेडण्यातलं केरी हवं. सत्तरीतही केरी आहे, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. नकाशात 'फेरी टाळा' हा पर्याय चालू राहिला असेल तर तो तुम्हाला गुपचूप हायवेच्या पत्रादेवी नाक्यावरून नेईल.

फळका
सेडानबद्दल. गाडी घासते ती एकाच ठिकाणी: सिमेंटचा उतार संपून बोटीचा लोखंडी फळका सुरू होतो तिथे. ओहोटीला हा कोन जास्त तीव्र होतो. आई-बाबांना आधी उतरवून चालत बोटीवर पाठवा. पायी माणसाला तिकीट नाही, आणि गाडीही तेवढी वर उचलली जाते. डिकीतल्या जड बॅगा मागच्या सीटवर घ्या, नाहीतर पुढचा बंपर वाचेल आणि शेपटी घासेल.

पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये थांबायचं नाही. उताराच्या खालच्या भागावर शेवाळ आणि गाळ असतो, तिथे थांबून पुन्हा उचलायला गेलात की पुढची चाकं जागीच फिरतात. पुढची गाडी पूर्ण आत गेल्याशिवाय उतारावर येऊच नका. फळका एकाच टोकाला असलेल्या बोटीवर चढताना किंवा उतरताना रिव्हर्स घ्यावी लागते. अशा वेळी आरशापेक्षा धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याच्या हाताकडे बघा. आत गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. सुटे पैसे जवळ हवेत.

सासष्टीकर
दुसऱ्या दिवसातून दिवाडी काढा. जुन्या गोव्याहून दिवाडी, पलीकडच्या फेरीने नार्वे, तिथे सप्तकोटेश्वर (शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेलं देऊळ), मग खांडोळ्यामार्गे परत, यात अर्धा दिवस सहज जातो. त्यानंतर पोळ्याला पोचाल, पण काळोखात.

पणजीहून थेट नवा झुआरी पूल, मडगाव, बाणावली, वार्का, केळशी. टाकी मडगावलाच भरा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भरती बाराच्या आसपास येते, त्यामुळे अकरा ते एकमध्ये साळ नदी ओलांडलीत तर धक्का सोपा जाईल. फेरी चुकली तर ओर्ली-चिंचणीवरून असोळण्याला या.

बेतुलनंतर रस्ता चढतो आणि अरुंद होतो. काब द राम किल्ला, खोला, आगोंद हा पट्टा या प्रवासातला सगळ्यात देखणा आहे. आंधळी वळणं आहेत, हॉर्न वाजवत जा. काणकोणमधल्या चावडी गावानंतर नवा बायपास पटकन पोळ्याला नेतो. समुद्र हवा असेल तर तळपण-गालजीबागचा जुना रस्ता धरा.

मुखाजवळ
दिवाडी अगदीच सोडवत नसेल तर पहिल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पणजीत पोचा, मग फक्त जुनं गोवं–दिवाडी जाऊन त्याच फेरीने परत या. मात्र हरमलचा सूर्यास्त सोडावा लागेल, दोन्ही बसणार नाही. तिथे भरती-ओहोटीपेक्षा रांगेची अडचण जास्त: कामावरून परतणाऱ्यांच्या दुचाक्या संध्याकाळी पाचनंतर बोट भरून टाकतात, चारचाकीला पुढच्या खेपेची वाट बघावी लागते.

रेडीवाट
मग तेरेखोल सकाळी नऊला, हरमलचा सूर्यास्त कायम, नार्वे-दिवाडी पुढच्या खेपेला. परत येताना पोळ्याहून हायवेच धरतो. काणकोण-मडगाव हायवेवरचा करमल घाट रात्री कसा आहे?

सासष्टीकर
वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना जंगल, ट्रक बरेच. आई-बाबा सोबत आहेत तर काणकोणलाच राहा आणि सकाळी निघा.