चाळकेवाडीची पवनचक्की जवळून पाहायची आहे, परवानगी कुणाकडे मागायची?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) असल्याने दर महिन्याला वीजबिल हातात पडलं की पोटात गोळा येतो. शेडवर सोलर बसवलंय, पण आमच्या निम्म्याहून जास्त हीट (वितळलेल्या धातूचे घाणे) रात्रपाळीत निघतात. म्हणून वाऱ्याकडे वळलोय. एका सल्लागारांनी ग्रुप कॅप्टिव्हचा, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी वीजप्रकल्पात भागीदार होण्याचा, प्रस्ताव दिलाय. वापरणाऱ्यांनी मिळून किमान 26 टक्के मालकी घ्यायची आणि निदान 51 टक्के वीज स्वतः वापरायची. कागद चोख आहेत, पण ज्या यंत्रात पैसे घालायचे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायला हात धजत नाही.

गेल्या रविवारी आमच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. खाली उभं राहिल्यावर प्रत्येक पातं जवळून जाताना 'सूंऽऽ' असा आवाज छातीत जाणवतो. मनोऱ्याच्या दाराला कुलूप, शेजारी ट्रान्सफॉर्मर, भोवती तारेचं कुंपण. मी बराच वेळ वर हबकडेच (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागाकडे) बघत होतो. तो एसजी आयर्नचा (एका जातीच्या चिवट लोखंडाचा) ओतीव असतो, आमच्याच धंद्यातला! पण रखवालदार म्हणाला, "साहेब, आत सोडता येत नाही, ऑफिसात विचारा." त्याचं बरोबरच होतं. पण नेमकं कुठल्या ऑफिसात? तिथली बरीच यंत्रं बाहेरच्या गुंतवणूकदारांची आहेत, देखभाल दुसरी कंपनी करते. परवानगी मालकाची लागते की देखभालवाल्यांची?

मनोऱ्यावर चढायचं नाहीये. तळातलं कंट्रोल पॅनेल, सबस्टेशनमधला मीटर आणि एखाद्या यंत्राची महिनावार युनिटं एवढंच पाहायचंय. महिनावार अशासाठी, की प्रस्तावात फक्त वर्षाचा एकूण आकडा आहे. आपल्याकडे वाऱ्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर, आणि आमची भट्टी बारा महिने चालते. बँकिंगचा, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर वापरण्याचा, हिशेब महिन्यापुरता असल्याने जुलैतली जास्तीची वीज जानेवारीत कामाला येणार नाही. शिवाय वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. अंदाजापेक्षा वेग 10 टक्क्यांनी कमी भरला, तर ऊर्जा जवळजवळ 27 टक्क्यांनी घटते. म्हणून मला अंदाज नको, झालेली नोंद हवी.

ज्यांनी असा करार केलाय त्यांनी कृपया सांगावं: महावितरणच्या क्रेडिट नोटा (किती युनिटं जमा धरली त्याची पत्रं) आणि जॉइंट मीटर रीडिंगचे (दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेल्या मीटर-नोंदीचे) कागद सही करण्याआधी मागितले, तर देतात का? किती वर्षांचे मागावेत? यंत्र बंद पडल्याचे दिवस त्यात कळतात, की त्याची नोंद वेगळी मागावी लागते? आमचा इलेक्ट्रिशियन विचारतोय, की काही यंत्रांत गिअरबॉक्सच नसतो, तर त्यांचा देखभालीचा खर्च प्रत्यक्षात कमी येतो का? त्याला मी काय उत्तर देऊ?

साताऱ्याकडे काही जमलं नाही, तर धुळ्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला जायचीही तयारी आहे. तिकडे कुणाची ओळख असेल तर व्यनि करा.

आणखी एक. भर हंगामात यंत्र पूर्ण जोरात चालताना बघायची फार इच्छा आहे. पण जुलैत त्या पठारावर धुकं आणि पाऊस इतका असतो, की दहा पावलांवरचं दिसत नाही. तेव्हा साइटवर येऊ देतात का, की सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत थांबू?