वऱ्हाडीला वेगळा कोड म्हणजे मराठीचे तुकडे?

सावजी_रस्सा: कालपासून तिघांनी एकच पोस्ट पाठवली: "आयएसओने वऱ्हाडीला वेगळा कोड दिला, विदर्भ तोडायची ही पहिली पायरी!" राजेहो, काऊन डोकं खाता? आयएसओ म्हणजे जगभरची मानकं ठरवणारी संस्था, आणि तिच्या यादीतला वऱ्हाडीचा कोड व्ही-ए-एच म्हणजे नुसती कपाटावरची चिठ्ठी आहे. भाषांच्या तीन अक्षरी कोडांची यादी, आयएसओ ६३९-३, २००७ सालची. तिच्यात सात हजारांवर भाषा आहेत. मग सगळ्या जगाचेच तुकडे झाले म्हणा.

शनिवारपेठी: चिठ्ठी लावतंय कोण? एसआयएल, म्हणजे बायबलच्या भाषांतराशी जोडलेली टेक्सासची संस्था. बोली कुठली न् भाषा कुठली, हे त्यांनी ठरवायचं? आमच्या विद्यापीठांनी काय फक्त चहा प्यायचा?

सावजी_रस्सा: बदलासाठी अर्ज कोणीही करू शकतो. विद्यापीठाला चहातून सवड मिळाली तर सांगा त्यांना.

तापीकाठ: तुम्ही भांडा. माझी आजी जात्यावर म्हणायची ती अहिराणी गाणी मी फोनवर रेकॉर्ड केली होती. एका साइटवर चढवायला गेलो तर भाषा निवडायच्या यादीत मराठी, गुजराती, हिंदी. अहिराणी नाहीच. "कथा जाई ऱ्हायना भाऊ" हे मराठी का? अहिराणीला ए-एच-आर हा कोड आहे, पण त्या साइटने आयएसओचीच दुसरी, फक्त दोन अक्षरी कोडांची यादी उचललेली. दोन अक्षरांत ६७६ पलीकडे जागाच नाही, आणि अहिराणी तिच्यात नाही. कोड असून फायदा शून्य.

शनिवारपेठी: मग मराठी निवडा. काय बिघडलं?

तापीकाठ: आजीला विचारा. तिला पुणेरी कळायची नाही.

भरडावयलो: दोन अक्षरी कोड कोकणीलाही नाही! आणि आमचं तर आणखीच त्रांगडं. आई सावंतवाडीची. शाळेत मराठी, घरात मालवणी, आणि जनगणना मालवणी कोकणीत टाकते. आम्हांला विचारलं कोणी?

मांडवीतीर: विचारायचं काय, मालवणी कोकणीच आहे. के-ओ-के हा सगळ्या कोकणीचा कोड म्हणजे छत्री, तिच्याखाली गोव्याची जी-ओ-एम आणि दुसरी के-एन-एन. तुम्ही "खय" म्हणता, आम्ही "खंय". एका टिंबावरून वेगळी भाषा?

भरडावयलो: टिंब? मासे, दशावतार, गाऱ्हाणी आमची, आणि नाव तुमचं? आमका शिकवू नको.

मांडवीतीर: अरे, गोव्यात कोकणी मराठीची बोली नाही हे पटवायला आमच्या लोकांनी रक्त सांडलं. १९८७ ला राजभाषा कायदा, १९९२ ला राज्यघटनेची आठवी अनुसूची. आणि तू मासे मोजतोस?

भरडावयलो: तेच म्हणतंय! तुम्हांला "मराठीची बोली" म्हटलेलं खपलं नाही. मग आम्हांला "कोकणीची बोली" कसं खपावं?

मांडवीतीर: ...बरं. हा मुद्दा चुकीचा नाही. तरी मालवणी कोकणीच.

सावजी_रस्सा: वऱ्हाडीचा धागा होता, सरळ वेंगुर्ल्यात जाऊन लागला.

शनिवारपेठी: असो. विदर्भ तोडायचा डाव नाही, मान्य. शोध लावल्याबद्दल अभिनंदन. पण व्ही-ए-एच हा "वऱ्हाडी-नागपुरी" असा एकच कोड कसा? अकोला आणि नागपूर एक झाले केव्हा?

सावजी_रस्सा: आता हे मात्र बरोबर बोलला बे.

तापीकाठ: आजीची गाणी अजून मराठीखालीच पडलीत. त्या साइटला दोनदा लिहिलं. उत्तर आलं, तेही इंग्रजीत.